शेजारचा ब्रेक

मास्तरांना गाडी शिकवायला लागून एकतीस वर्षं झाली होती आणि या एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा आला नव्हता. हे ते स्वतःच सांगायचे. कोणी विचारलं नाही तरी सांगायचे. न्हाव्याच्या खुर्चीत सांगायचे, दवाखान्याच्या रांगेत सांगायचे, लिफ्टमध्ये चार मजले चढेपर्यंत सांगून संपवायचे. माणूस वाईट नव्हता हो, पण या एका बाबतीत त्यांचं नाक कायम वर असे, आणि घरच्यांनी त्याची सवय करून घेतली होती.

शिकवण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पहिल्या दिवशी वर्गात आले की फळ्यावर एकच ओळ लिहायचे : 'गाडी थांबते, आतला थांबत नाही.' मग हातावरचा खडू झटकून विचारायचे, "पट्टा कशासाठी लावायचा?" कोणी बिचाऱ्याने "पोलिसांसाठी" असं उत्तर दिलं की त्याची धडगत नसे. त्याला पुढे बोलावून, स्टुलावर बसवून, स्टूल सरकन ओढून दाखवायचे. स्टुलावरून पडलेला माणूस पट्टा विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणारा गांगरला की मास्तरांनी तो दाबायचा आणि गाडी थांबवायची. मास्तरांच्या पायाला त्याची इतकी सवय, की जावयाच्या साध्या गाडीत शेजारी बसले तरी त्यांचा पाय रिकाम्या जमिनीवर दाबला जाई. जावयाला ते दिसे.

जावई दातांच्या कवळ्या बनवायचा. एका खोलीत मोठ्या दिव्याखाली बसून दिवसभर दुसऱ्यांचे दात घासायचे, तासायचे, जबड्यात बसतात का ते साच्यावर बघायचे. केसाएवढा फरक त्याच्या बोटांना कळे. पण गाडीच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता, आणि शिकवणारे अर्थातच मास्तर. लग्नात पाहुण्यांशी ओळख करून देताना मास्तर म्हणाले होते, "हे आमचे जावईबापू. तिसऱ्या खेपेला पास झालेत." सगळे हसले, जावईही हसला. लेक हसली नव्हती, पण ते मास्तरांच्या लक्षात राहिलं नाही.

तर लेकीला सातवा महिना लागला होता. डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलं होतं. घरात तिसरं माणूस म्हणजे मफलर, त्यांचा कुत्रा. लहान असताना तो जावयाच्या गळ्यात दोन्हीकडून पाय सोडून झोपायचा, म्हणून मफलर. आता वजन वीस किलो झालं होतं, तरी हट्ट तोच. त्याच्या इंजेक्शनची तारीख आली, जावयाला सुट्टी मिळेना, तेव्हा मास्तर म्हणाले, "मी नेतो की. माझी गाडी काय मुंग्या वाहायला आहे?"

सकाळी मास्तर गाडी घेऊन दारात आले. जावयाने मफलरच्या अंगात छातीपट्टा घातला. पट्ट्याला पाठीवर एक कडी होती. त्या कडीत आखूड पट्टी अडकवायची आणि पट्टीचं दुसरं टोक मागच्या सीटबेल्टच्या खाचेत खटकन बसवायचं. गळपट्ट्याला नाही अडकवायचं, झटका बसला तर मानेला लागतं, हे सगळं जावई पुटपुटत करत होता. पट्टी खाचेत बसली, तशी त्याने ती ओढून पाहिली. मग पुन्हा एकदा ओढली.

"जावईबापू," मास्तर हसत म्हणाले, "कुत्रा इंजेक्शनला चाललाय, चंद्रावर नाही."

जावई ओशाळून हसला. "नाही, म्हटलं बघावं. आणि बाबा, त्याला मागेच राहू द्या हं. तुमच्या गाडीत पुढे तो दुसरा ब्रेक आहे ना, म्हणून."

"तू मला ब्रेक शिकवतोस?" मास्तर म्हणाले आणि निघाले.

पंधरा मिनिटांचा रस्ता. त्यातली पाच मिनिटं मफलर रडला. रडला म्हणजे नाकातून असा काही बारीक सूर काढला, की ऐकणाऱ्याला आपण कसाई आहोत असं वाटावं. मास्तरांनी आधी दटावलं, मग चुचकारलं. सिग्नलला गाडी थांबली. "थांब रे बाबा, थांब," म्हणत त्यांनी मागे हात घातला आणि मफलरच्या पाठीवरची कडी सोडली. एका बोटाचं काम. आपण चालवतोय, रस्ता ओळखीचा आहे, एकतीस वर्षांत ओरखडा नाही. आणखी काय पाहिजे?

मफलर दोन सीटांच्या मधून पुढे आला, मास्तरांचा कान चाटला आणि शेजारच्या सीटपुढच्या जागेत खाली उतरून वेटोळं करून बसला. रडणं बंद. मास्तरांना बरंच वाटलं. खाली बसलाय, शांत आहे, म्हणजे सुखरूप आहे, असं त्यांनी मनाशी धरलं. त्या जागेत काय आहे ते जगात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तिथे एकतीस वर्षं त्यांचाच पाय होता.

पुलाच्या उतारावर शेजारून एक बस गेली आणि बसवाल्याने भोंगा वाजवला. मफलर दचकून उठला, मागे सरकला, आणि त्याचं सगळं वजन त्या ब्रेकवर पडलं.

गाडी जागच्या जागी थांबली. मास्तरांच्या छातीत पट्टा रुतला आणि श्वास अडकला. मागच्या गाडीची चाकं किंचाळली, ती वीतभर अंतरावर येऊन उभी राहिली. आणि खालून मफलरचा आवाज आला. तो मघाचा लाडीक सूर नव्हता. पुढचा पाय ब्रेक आणि पत्र्याच्या मधे सापडला होता, आणि कोपराखाली नको त्या ठिकाणी वाकला होता.

गाडी थांबली होती, आतला थांबला नव्हता.

दवाखाना चार मिनिटांवर होता. मास्तरांनी तो गाठला कसा ते त्यांनाच ठाऊक. गाडी उभी केली, दार उघडलं, आणि मफलरला उचलण्याआधी त्यांचं लक्ष मागच्या सीटवर गेलं. खाचेत पट्टी नीट बसलेली होती, जशी जावयाने बसवली होती तशी. मोकळं टोक सीटवर पडलं होतं. कोणीही पाहिलं असतं तर कळलं असतं, की हे सुटलेलं नाही, सोडलेलं आहे. मास्तरांनी खाचेचं लाल बटण दाबलं, पट्टी काढली आणि पिशवीत घातली. कडी सोडली ती चूक म्हणता येईल. पट्टी काढली ती चूक नव्हती. ती त्यांनी दोन हातांनी, पूर्ण शुद्धीत केली, आणि कुत्रा समोर कण्हत असताना केली.

"पट्टा होता का?" दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं.

"होता," मास्तर म्हणाले. "सुटला असेल."

दोन शब्द. पण पुढे महिनाभर ते दोन शब्द त्यांच्या उशाशी येऊन बसले.

संध्याकाळी मफलरला घरी आणलं. पायाला खांद्यापर्यंत प्लास्टर, डोळे औषधाने जड. लेक उशीला टेकून बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पट्टा कोणी लावला होता?"

मास्तरांच्या घशात शब्द होता. अगदी ओठावर होता म्हणा. पण त्याआधी जावई म्हणाला, "मीच लावला होता."

"मग सुटला कसा?"

जावयाने आपल्या हातांकडे पाहिलं. "बसला नसेल नीट," तो म्हणाला.

आता लेकीचंही चुकलं असं कोण म्हणेल? सातवा महिना, कुत्रा पोटच्या पोरासारखा, आणि घरात दुसरं कोणी राग काढायला नाही. ती नवऱ्याला म्हणाली, "एक पट्टा लावता येत नाही तुला. एक पट्टा. उद्या बाळाची सीट तूच लावणार आहेस ना?" आवाज चढवला नाही तिने, साधंच बोलली, आणि म्हणून ते जास्त लागलं.

मास्तर समोर खुर्चीत बसले होते. हातात चहाचा कप होता. त्यांनी चहा प्यायला. काय करणार, हातात कप होता. चहाची चव लागली नाही, पण शेवटच्या घोटापर्यंत तो संपवला आणि म्हणाले, "जाऊ दे पोरी, होतं असं कधीकधी." हे ऐकून जावयाने त्यांच्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन त्यांनी सदरा काढला तर छातीवर खांद्यापासून कमरेपर्यंत पट्ट्याचा वळ उठला होता. आधी लाल, मग जांभळा, मग पिवळा. रोज सकाळी दाढी करताना तो आरशात दिसायचा. आपला पट्टा आपण लावला होता. स्वतःला विसरलो नव्हतो.

सांगून टाकायचं त्यांनी किती वेळा ठरवलं याची गणती नाही. एकदा मुद्दाम लेकीकडे गेले, तर जावई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता. समोर मफलरचा छातीपट्टा, आणि कुठल्याशा भंगारातून आणलेली सीटबेल्टची सुटी खाच. तो पट्टी खाचेत घालत होता, ओढत होता, काढत होता, पुन्हा घालत होता. खट्. खट्. खट्.

"बाबा, पन्नासदा केलं," तो म्हणाला. "एकदाही सुटली नाही. म्हणजे त्या दिवशी माझं लक्ष कुठे होतं तेच कळत नाही. तुम्ही हसलात ना, तेव्हा मी गडबडलो असेन. दुसऱ्यांदा ओढली ती नुसती ओढल्यासारखी केली असेन."

मास्तर म्हणाले, "असू दे रे." त्यांच्या पायाशी मफलर तीन पायांवर लंगडत आला, प्लास्टरचा पाय फरशीवर टकटक वाजवत, आणि त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून झोपला. पाऊल काढून घ्यायचा धीरसुद्धा त्यांना झाला नाही. तासभर तसेच बसून राहिले आणि पायाला मुंग्या आल्यावर निघाले.

वर्गातही काही धड होईना. नवी तुकडी आली होती. फळ्यावर नेहमीची ओळ लिहायला खडू उचलला आणि 'गाडी थांबते' एवढंच लिहून हात थांबला. पहिल्या बाकावरच्या एका आजींनी विचारलं, "मास्तर, माझ्याकडे कुत्रा आहे. त्याला कसा न्यायचा?"

मास्तर वळले नाहीत. फळ्याकडे तोंड करून त्यांनी सांगितलं, एकेक शब्द चावून सांगितलं. मागच्या सीटवर न्यायचा. छातीपट्टा घालायचा, गळपट्ट्याला अडकवायचं नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढू द्यायचं नाही. उन्हात बंद गाडीत ठेवायचा नाही. लांबचा प्रवास असला तर मधे थांबून पाणी द्यायचं, चार पावलं चालवायचं.

"आणि रडला तर?" आजी म्हणाल्या. "आमचा फार रडतो हो."

"रडू द्यायचा," मास्तर म्हणाले. त्या दिवशी त्यांनी स्टूल ओढून दाखवलं नाही. वर्ग दहा मिनिटं आधीच सोडला.

पाचव्या आठवड्यात, शनिवारी दुपारी, जावई गाडी घेऊन मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या अंगणात आला. लेकीला आता थोडं हिंडायची परवानगी मिळाली होती, ती पुढे बसली होती. जावयाने मागून एक मोठं खोकं काढून मास्तरांच्या पुढ्यात ठेवलं. बाळाची सीट होती.

"ही तुम्ही लावून द्या बाबा," तो म्हणाला.

"का? तूच लाव की. त्यावर चित्रं काढलेली असतात."

"चित्रं कळली. चारदा वाचलं मी." तो खोक्याची चिकटपट्टी नखाने खरवडत होता. "पण माझ्या हातांचा मला भरवसा वाटेनासा झालाय. परवा एका आजोबांची कवळी मी तिसऱ्यांदा केली. आधीच्या दोन्ही बरोबर होत्या. आमच्या साहेबांनी दाखवलं तेव्हा पटलं. तुम्ही लावा. तुम्ही लावलीत तर हिलाही झोप लागेल."

लेक गाडीतून म्हणाली, "लावा ना बाबा. तुमच्या हातची असली की काळजी नाही."

मास्तरांनी सीट उचलली. मागचं दार उघडून आत वाकले. सीट ठेवली, पट्टा मागून फिरवला, टोक खाचेत घातलं. खट् झालं. एकतीस वर्षांत हा आवाज त्यांनी किती हजार वेळा ऐकला असेल. त्यांनी पट्टा ओढून पाहिला, आणि दुसऱ्यांदा ओढायला हात पुढे केला. जावई त्या सकाळी कसा ओढत होता ते डोळ्यांपुढे आलं, आणि आपण काय म्हणालो तेही आलं.

"तो पट्टा मी काढला होता," ते सीटलाच म्हणाले.

"काय म्हणालात?" मागून जावयाने विचारलं.

बघा म्हणजे. एवढं बळ एकवटून सांगितलं ते गाडीत तोंड खुपसून, पाठ बाहेर ठेवून सांगितलं. आता बाहेर येऊन, सरळ उभं राहून, तोंडावर पुन्हा सांगणं आलं. मास्तर बाहेर आले. डोकं दाराच्या चौकटीला लागलं, त्याचंही भान नव्हतं.

"मफलरचा पट्टा मी काढला होता. सिग्नलला. रडत होता म्हणून. तो पुढे येऊन ब्रेकवर बसला. सुटला असं मी सांगितलं ते खोटं आहे. आणि खाचेतली पट्टीही मीच काढून पिशवीत टाकली, कोणाला कळू नये म्हणून."



जावयाने विचारलं, "सिग्नलपर्यंत होता?"

"होता."

"म्हणजे मी लावला होता."

"लावला होतास."

"दोनदा ओढून बघितला होता."

"बघितला होतास," मास्तर म्हणाले. "नीट बघितला होतास. मी हसलो होतो."

जावयाने मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं, दोन शब्द फेकले असते तर मास्तरांनी ते झेलले असते. पण तो खोक्यावर बसला आणि आपले दोन्ही हात उताणे, पालथे करून बघत राहिला, जणू ते आत्ताच कुठून तरी परत आले होते.

लेक गाडीतून उतरली. पोट सांभाळत, दाराला धरून, हळूहळू उतरली आणि बापासमोर येऊन उभी राहिली. मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

"याला मी काय काय बोलले," ती म्हणाली. "महिनाभर बोलले. तुमच्यादेखत बोलले."

"हो."

"तुम्ही समोर बसला होतात. चहा पीत होतात."

मास्तरांनी मान खाली घातली. लेक वळून नवऱ्याला म्हणाली, "ऊठ. यांनी लावलेली काढ आणि तू लाव." आणि हलक्या आवाजात, "चुकलंच माझं."

जावई उठला. त्याने मास्तरांनी लावलेली सीट काढली, पहिल्यापासून पुन्हा लावली. मास्तर बाजूला उभे राहून खोक्याचा पुठ्ठा घडी करत होते, कारण हातांना दुसरं काम नव्हतं.

पुढच्या बुधवारी मफलरचं प्लास्टर काढायचं होतं. लेकीने फोन केला. "चारला तयार राहा. त्याला तुमची सवय आहे, डॉक्टरांकडे तुम्ही धरलंत की तो गप्प बसतो." एवढंच बोलली. पहिल्यासारखं "जेवलात का" विचारलं नाही.

मास्तर चारच्या आधीच फाटकात उभे होते. गाडी आली. पुढे लेक बसली होती, म्हणून ते मागे गेले. मागे एका खिडकीशी बाळाची रिकामी सीट, मधे मफलर, आणि दुसऱ्या खिडकीशी उरलेल्या जागेत मास्तर, अंग चोरून. पुढच्या सीटवर ते नव्हते असा हा बहुधा पहिलाच प्रवास.

निघण्याआधी जावई उतरला आणि मागच्या दाराशी आला. त्याने बाळाची सीट दोनदा ओढून पाहिली. मफलरची पट्टी दोनदा ओढून पाहिली. मग वाकून मास्तरांचा पट्टा धरला आणि तोही दोनदा ओढून पाहिला. दार लावलं. मास्तरांनी काच खाली घेतली आणि पुन्हा वर केली.

गाडी चालू झाली. जावई नीट चालवत होता. खरं तर तो नेहमीच नीट चालवायचा. पुलाचा उतार आला तसा मास्तरांचा पाय सवयीने पुढे गेला आणि पुढच्या सीटच्या पाठीला लागला. त्यांनी तो मागे घेतला.

मफलर थोडा वेळ नाकातून रडला. कोणी त्याला सोडलं नाही. मग तो पट्टी पुरेल तेवढा सरकला, प्लास्टरचा पाय मास्तरांच्या मांडीवर टाकला आणि त्यावर डोकं ठेवून त्यांच्याकडे बघायला लागला, पहिल्यासारखाच. त्याला कोणीच काही सांगितलं नव्हतं. मास्तरांनी त्याच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, आणि थोडा वेळ तसाच धरून परत आपल्या गुडघ्यावर ठेवला.